तिसऱ्या महिन्यातले केस

शांतीचे केस आधीपासूनच बरे होते. पण दिवस राहिल्यावर पाचव्या महिन्यापासून ते असे काही वाढले की आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येत. वेणी मनगटाएवढी जाड झाली. विंचरताना फणीत एक केस अडकत नसे. दृष्ट लागू नये म्हणून सासू बायजाबाई त्या वेणीत काळा दोरा गुंफायची. नवरा जगन रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टवर जायचा. कामावरून आला की जेवायच्या आधी तो ती वेणी हातात धरून बसायचा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि तो तिच्याशी गोड वागला असेल तर एवढ्या चार महिन्यांतच.

तिचं सासर रोह्याहून कोलाडकडे जाताना लागतं. गावाचं नाव सांगत नाही, या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथंच आहेत. माहेर गडबचं. बाप कान्हू खाडीवरच्या मिठागरात राबणारा, आणि आई शांती बारा वर्षांची असतानाच गेलेली. माहेरी बाळंतपण करायला बाईमाणूस नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी झालं. एक्याण्णव सालचे गणपती उठले आणि आठवड्याने तिला मुलगी झाली. जगनच्या आजीचं नाव ठेवलं, रंभा.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला पुतळी यायची. पंचेचाळिशीची विधवा, मूलबाळ नाही, कालव्याच्या बाजूला एका खोलीत एकटी राहणारी. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. ती खोबरेल तेलात माका आणि जास्वंदीची पानं कढवून आणायची आणि शांतीच्या डोक्यावर थापून थापून जिरवायची. शांती तिला मावशी म्हणायची. आईच्या हाताची आठवण पुसट झाली होती, त्या जागी आता पुतळीचा हात बसला होता.

तीन महिने सरले आणि केस जायला लागले.

पहिल्या दिवशी फणीत बोटभर गुंतवळ आलं. आठवड्याने मूठभर. न्हाणीत पाणी ओतलं की केस मोरीच्या तोंडाशी जमून पाणी तुंबायचं. उशीवर, चुलीपुढे, बाळाच्या दुपट्यावर, जिथं हात घालावा तिथं केस. पुतळीने सांगितलं, जातात गो, सगळ्यांचे जातात, वरसाच्या आत परत येतील. शांतीला ते पटलं नव्हतं असं नाही. पण जगनला काय सांगायचं, हे तिला कळत नव्हतं.

एका दुपारी जगनच्या भातात केस निघाला. त्याने तो बाजूला काढला. पुढच्या घासात दुसरा. त्याने ताट भिंतीवर फेकलं, उठून शांतीचा अंबाडा धरला आणि तिला खेचत मोरीपाशी नेऊ लागला. दोन पावलांवर त्याचा हात मोकळा झाला. अंबाड्यातला एक पुंजका मुळासकट त्याच्या मुठीत आला होता. शांती जमिनीवर पडली होती आणि तो मुठीकडे बघत उभा होता. त्याने आयुष्यात कुणाला असं ओढलं नव्हतं असं नाही, पण केस असे गवतासारखे हातात आले नव्हते. तो घाबरला. घाबरल्यावर त्याने तिला आणखी मारलं.

त्या दिवसापासून शांती केस लपवायला लागली. जाळावेत तर वास सुटतो, उकिरड्यावर टाकावेत तर कुत्री पांगवतात. न्हाणीच्या भिंतीतला एक दगड सैल होता. विंचरून झालं की ती गुंतवळाची गुंडाळी करून त्या दगडामागे दडपून ठेवायची. कटकट नको, मार नको, एवढाच तिचा विचार होता.

बायजाबाईला त्या गुंडाळ्या सापडल्या. सात होत्या. तिने त्या सुपात घेऊन ओटीवर आणल्या आणि विचारलं, हे कुणी ठेवलं. जगन खाटेवर बसला होता. शांतीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माला म्हायत नाय."

एवढं एकच वाक्य. पुढे कोर्टात तिला त्याचं कारण तीन वेळा सांगावं लागलं.

बायजाबाई सूप घेऊन मोरू भगताकडे गेली. मोरूने तांदूळ टाकले, गुंडाळ्या उलगडून पाहिल्या आणि सांगितलं की करणी करणारं घरात येणारंच माणूस आहे. तिच्या डोक्याला हात लावतं. त्याची स्वतःची कूस रिकामी आहे. नाव त्याने घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी पुतळी तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा बायजाबाईने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पुतळीने कारण विचारलं नाही. तिने फक्त आत शांतीकडे बघितलं. शांती मान खाली घालून बाळाला पाजत राहिली.

बारा दिवस गेले. जानेवारीतली थंडी होती. बाळाला लोकरीचे मोजे घालून वर घट्ट बांधून ठेवलेलं असायचं. एका संध्याकाळी रंभा रडायला लागली ती थांबेचना. दूध घेईना. शांतीने पोट चोळलं, ओवा दिला, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाईने मोजे काढले, तर डाव्या पायाचं मधलं बोट करवंदासारखं काळंनिळं होऊन सुजलेलं. बाकीची चार बोटं गोरी, कोवळी.

जगन रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याचा चुलता हैबतराव शेजारच्याच घरात. हाक मारताच तो आला, आणि येताना मोरूला घेऊन आला. मोरूने ओटीवरच्या उन्हात ते बोट वळवून पाहिलं. सुजेच्या तळाशी, कातडीत रुतलेली एक काळी रेघ दिसत होती.

"केस बांधलाय," तो म्हणाला. "गाठ मारून बांधलाय."

शांतीने ते ऐकलं आणि तिला सगळं एकदम कळलं. बाळाचे धुतलेले मोजे ती आपल्या उशाखाली ठेवायची. उशीवर केसांचा सडा असायचा. ती पुढे झाली आणि म्हणाली की केस माझा आहे, माझेच गळतात, त्या गुंडाळ्याही मीच ठेवल्या होत्या. ती दोनदा म्हणाली. पण तोवर जगन वालाच्या वाफ्याभोवतीच्या कुंपणातला बांबू उपटत होता. तिने त्याचा हात धरला. त्याने तिला ढकललं आणि ती दाराच्या चौकटीवर आपटली. भुवई फुटली. डोळ्यांत रक्त उतरलं, आणि त्यातून तिला हैबतरावाची पाठ दिसली, मग आळीतली चार माणसं, मग आणखी. सगळे कालव्याकडे निघाले होते. बायजाबाईही त्यांच्यामागून गेली.

बाळ ओटीवरच होतं, रडून रडून आवाज बसलेलं.

पुढे लोक शांतीला विचारत, तू आधी पुतळीकडे का नाही गेलीस. ती सांगायची की तेव्हा मला दोन रस्ते दिसत होते, एक कालव्याकडचा आणि एक उपकेंद्राकडचा, आणि पोर माझ्या हातात होती. ती उपकेंद्राकडे पळाली. अर्ध्या वाटेवर कालव्याच्या बाजूने पुतळीची पहिली किंकाळी आली. शांती थांबली नाही.

उपकेंद्रात विमलबाई नर्स पोरांना लस टोचत होत्या. त्यांनी शांतीच्या भुवईकडे बघितलं, मग बाळाच्या पायाकडे, आणि हातातलं सगळं ठेवून दिलं. बाळाला टेबलावर आडवं केलं, एका बाईला पाय धरायला लावलं, भिंग घेतलं आणि पात्याच्या टोकाने ती काळी रेघ हळूच उचलून कापली. रंभा किंचाळली. रक्ताचा थेंब आला. मग विमलबाईंनी चिमट्याने केस ओढून काढला. अडीच वेढे होते आणि गाठ कुठंच नव्हती. लांबच लांब काळा केस, एका टोकाला पांढरट मूळ.

"आणखी एक दिवस गेला असता तर बोट गेलंच असतं," त्या म्हणाल्या. "आत्ताही नखाच्या बाजूचं कितपत वाचेल सांगवत नाही."

शांतीने विचारलं, हा कुणी बांधला असेल का.

"कुणी बांधला नाही. पोटात मूल असतं तेव्हा जे केस गळायचे राहतात ते नंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम गळतात. तुझा केस मोज्यात राहिला. ती पाय झाडत गेली, तसा तो आवळत गेला. मी नोकरीत हे दोनदा पाहिलंय."

"बाय, त्यांनी पुतळीमावशीला मारायला घेतलाय," शांती म्हणाली. "त्या केसापायी."

विमलबाईंनी बाळ लस घ्यायला आलेल्या बाईच्या मांडीवर दिलं, कापलेला केस कागदात गुंडाळून शांतीच्या हातात ठेवला आणि तिला पुढे व्हायला सांगितलं. स्वतः त्या रस्त्यावर गेल्या आणि विटा भरून चाललेला गावातल्या पोपटचा टेम्पो आडव्या उभ्या राहून थांबवला.

पुतळीच्या अंगणात तीस-चाळीस माणसं होती. शांती बायकांमधून वाट काढत आत शिरली. पुतळीला शेवग्याच्या झाडाला बांधलं होतं. उजवा हात कोपराखाली नको तिथं वाकलेला. एक डोळा पूर्ण मिटलेला, गालाचं हाड फुटून तोंड एका बाजूला सुजलेलं. लुगडं कमरेपर्यंत फाटलेलं. हैबतराव मोठी कात्री घेऊन तिच्या डोक्यावरचे केस कापत होता, आणि केस कापताना कातडीही कापली जात होती. डोक्याची डावी बाजू उघडी झाली होती, तिच्यावर रक्ताच्या रेघा. हे केस गेले की तिचं बळ जाईल, असं मोरूने सांगितलेलं. मोरू स्वतः तिथं नव्हता. जगन समोर बांबू टेकून उभा होता आणि कबूल हो म्हणत होता. ती काही बोलली नाही की तो बांबू मांडीवर घालायचा. पुतळी एवढंच म्हणत होती, पाणी.

शांतीने कागद उघडून केस वर धरला. हा माझा आहे, नर्सबाईंनी काढला, गाठ नव्हती, असं ती ओरडून सांगू लागली. जगन म्हणाला, हिच्यावरही केलंय, म्हणून ही असं बोलते.

मग तिने अंबाडा सोडला.

केस पाठीवर पडले. तिने दोन्ही हातांची बोटं मुळापासून घातली आणि खाली ओढली. दोन्ही मुठी भरल्या. तिने त्या जगनच्या छातीवर फेकल्या.

"ह्ये कुनी बांधलं व्हतं?" ती म्हणाली. "सांगा. आता माज्या डोस्क्याला कुनाचा हात लागला?"

त्याने तिच्या कानावर बुक्की मारली. ती गुडघ्यावर आली. उठली. पुन्हा बोटं घातली, पुन्हा मुठी भरल्या, पुन्हा फेकल्या. कपाळाच्या वर तिची टाळू दिसायला लागली होती. हैबतराव कात्री घेऊनच वळला, डाव्या हाताने त्याने तिचा गळा धरला आणि तिला झाडाशी दाबलं, पुतळीच्या अगदी शेजारी. हिच्यात शिरलंय, हिचेही कापायला पाहिजेत, असं तो लोकांना सांगत होता. शांतीला श्वास घेता येईना. तिने दोन्ही हातांनी त्याच्या उजव्या मनगटाला झोंबून ते पिरगाळलं. कात्री निसटली, तिच्या हातात आली, आणि तिने ती त्याच्या दंडात खुपसली. पूर्ण पातं गेलं. हैबतराव ओरडत मागे पडला. गळ्यावरचा हात सुटला. शांतीने कात्री उपसून पुढे धरली आणि जगनला सांगितलं की एक पाऊल टाकलंत तर ही तुमच्या पोटात जाईल.

जगन थांबला. बांबू त्याच्या हातात होता, पण तो उचलला गेला नाही.

बायकांमध्ये मालू उभी होती. तीन पोरांची आई, जगनच्या घरापासून चौथं घर. ती शांतपणे म्हणाली, "माजे पन गेले व्हते. तिन्ही खेपेला." मग ती बायजाबाईकडे वळली. "जगनच्या वक्ताला तुजे नव्हते गेले गो?"

सगळ्या बायका बायजाबाईकडे बघत होत्या आणि एकमेकींकडेही. तिथं पोर न झालेली बाई पुतळीशिवाय एकही नव्हती. बायजाबाई हळूहळू खाली बसली, आणि मातीकडे बघत म्हणाली, "गेले व्हते."

पुरुष मागच्या मागे पांगू लागले. मालूने पुतळीचे दोर सोडले. पुतळी उभी राहू शकली नाही, ती मालूच्या अंगावरच कोसळली. तेवढ्यात टेम्पो आला. पोपटने निम्म्या विटा रस्त्यावरच उतरवल्या होत्या. विमलबाईंनी पुतळीच्या हाताला फळी बांधली, डोक्याला फडकं गुंडाळलं, आणि तिला रोह्याला नेलं. वाटेत उपकेंद्रातून बाळाला घेऊन शांती टेम्पोत मागे बसली. पुतळीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि रक्त तिच्या लुगड्यातून खालच्या विटांवर झिरपत होतं.

रोह्याच्या दवाखान्यातच पोलिसांनी शांतीचा जबाब घेतला. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, चुलतसासऱ्याचं सांगितलं, बांबू कुठला आणि कात्री कुणाची ते सांगितलं. हैबतरावाच्या दंडातली जखम आपणच केली, हेही सांगितलं. हवालदाराने विचारलं, बाई, घरी परत जाणार आहेस ना, मग जरा विचार करून बोल. ती म्हणाली, लिहा.

तिथून ती गडबला बापाकडे गेली. कान्हू फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने नातीचं बोट पाहिलं, लेकीची भुवई पाहिली, आणि झोपडीतली आपली जागा त्यांना देऊन स्वतः बाहेर झोपायला लागला. रंभाच्या बोटाचं टोक महिन्याभरात वाळून गळून पडलं. बाकी बोट वाचलं. शांतीचे केस आणखी दोन महिने जात राहिले, मग थांबले.

मार्चमध्ये जगन जामिनावर सुटला आणि तडक मिठागरावर आला. दुपारचं ऊन होतं. बाप-लेक वाफ्यांतलं मीठ ओढून बांधावर ढीग लावत होती. तो म्हणाला, जबाब फिरव, मग तुला आणि पोरीला घेऊन जातो. ती नको म्हणाली. त्याने तिच्या दंडाला धरून ओढलं, ती वाफ्यात पडली. खारं पाणी तोंडानाकात गेलं, आणि तो तिचं डोकं वर येऊ देईना. कान्हू बांधावरून धावत आला. मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी त्याच्या हातात होती. तिची कड त्याने जावयाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या वाफ्यातल्या माणसांनी ऐकला. जगन उताणा पडला तेव्हा कान्हूने फळी त्याच्या गळ्यावर टेकवली.

"आता दाबू काय?" त्याने लेकीला विचारलं.

शांती खोकत होती. डोळे उघडत नव्हते. तिला बोलायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कान्हू तसाच थांबला.

"नको बा," ती म्हणाली. "कोर्टात उभा रायला पायजे तो."

केस चार वर्षं चालली. मोरू भगत सुटला. तो तिथं हजर नव्हता आणि त्याने कुणाचं नाव घेतलं नव्हतं. जगनला तीन वर्षं झाली, हैबतरावाला पाच. वकिलाने शांतीला पुन्हा पुन्हा विचारलं की गुंडाळ्या तूच ठेवल्या होत्यास, मग सासूने विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस. ती तिन्ही वेळा म्हणाली, मार पडेल म्हणून. पुतळी बाकावर बसून ऐकत होती. तिचा उजवा हात वाकडाच सांधला होता, आणि त्या बाजूच्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड कळायचा.

पुतळी गावात परत गेली नाही. पेणला तिची बहीण गोदूबाई होती, तिच्याकडे राहिली. पापडाच्या एका घरगुती कारखान्यात ऊन सरकलं की पापड फिरवायचं काम करायची, एका हाताने. निकाल लागल्यावर महिन्याने शांती तिथं गेली. रंभाला बरोबर नेलं नव्हतं. गच्चीवर पापड वाळत होते. पुतळी सावलीत बसली होती. तिने शांतीला बस म्हटलं नाही, पण बाजूची गोणी सरकवून जागा केली.

शांती तिथं टेकली. मग जे सांगायला आली होती ते तिने सांगितलं. त्या दिवशी ओटीवर मी खरं बोलले असते, तर मार मला पडला असता आणि तू वाचली असतीस. ती हे रडत सांगत नव्हती. चार वर्षांत तिने ते मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की शब्द आपोआप येत होते.

पुतळी पापडांकडे बघत होती.

"माला ठावं हाय," ती म्हणाली. "उंबऱ्यावरनं परत पाठवली तवाच समजलं. तू मान वर केली नाय."

पुतळीने हात लांबवून कडेचा एक पापड उलटला.

"माफ केलं आसं म्हननार नाय मी. तसं वाटत नाय, तर कशाला म्हनू. पन तू कात्री मारलीस ती मी एका डोल्यान बगितली. त्ये पन इसरनार नाय."

खाली गोदूबाईने चहा केला होता. पुतळी भिंतीला धरून उठली आणि चल म्हणाली. जिन्यात अंधार होता. उजव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं, म्हणून ती पायरीवर चाचपडली, आणि शांती पुढे होऊन उतरू लागली. पुतळीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चहा झाल्यावर शांती स्टँडवर आली आणि गडबवरून जाणाऱ्या एसटीत बसली.